रक्त आधी, प्रतिकारशक्ती मागून : अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या इतिहासातील एक धडा

१. प्रस्तावना

म्हैसूरच्या वोडेयार राजघराण्याशी जोडले जाणारे तीन स्त्रियांचे एक तैलचित्र आहे. थॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने ते १८०५ च्या सुमारास रंगवले. त्यातील उजवीकडची तरुणी साडीचा पदर बाजूला धरून आपल्या दंडाकडे लक्ष वेधते. इतिहासकार नायजेल चॅन्सलर यांच्या मते ही कृष्णराज वोडेयार तिसरे यांची धाकटी राणी देवाजम्मणी होय आणि ती दाखवते ती जागा देवीची लस टोचल्याची आहे. डावीकडच्या स्त्रीच्या तोंडाभोवतीची त्वचा फिकी दिसते. रोग्याच्या फोडातील द्रव्य वापरून देवी काढण्याची जी जुनी पद्धत होती, तिची ही खूण असावी असे ते मानतात. चित्रातील स्त्रियांच्या ओळखीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र त्या काळात नवी लस दक्षिणेत पोचली होती, हे निश्चित आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी लस टोचली गेली. तिच्या दंडावरील फोडातून घेतलेली लस पुढे दंडा-दंडावरून देशभर गेली.

लस टोचल्याने शरीरात नेमके काय घडते, हे १८०५ साली कोणालाच सांगता आले नसते. आज आपण त्याला प्रतिकारशक्तीची स्मृती म्हणतो. एकदा ओळखलेला शत्रू काही पेशी वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात आणि तो पुन्हा आला की त्वरित कामाला लागतात. या पेशींचे मूळ अस्थिमज्जेत असते. मग एखाद्या रुग्णाची अस्थिमज्जा मुद्दाम नष्ट करून तिच्या जागी दुसऱ्याची रुजवली, तर त्या स्मृतीचे काय होते? दंडावरचा वण तसाच राहतो, पण त्यामागची ओळख टिकते का?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला विसाव्या शतकाचा संपूर्ण उत्तरार्ध लागला. प्रत्यारोपणानंतर रक्त परत येणे आणि प्रतिकारशक्ती परत येणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीला काही आठवडे लागतात, तर दुसरीला एक ते दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक. हा फरक डॉक्टरांना प्रामुख्याने रुग्णांच्या मृत्यूंतून उमगत गेला. तो कसा उमगला आणि भारतात त्याला कोणते वेगळे रूप आले, हे या लेखात पाहू.

२. कारखाना आणि शाळा

हाडांच्या पोकळीतील मऊ, स्पंजासारख्या ऊतीला अस्थिमज्जा म्हणतात. तिच्यातील थोड्या मूलपेशींपासून रक्तातील सर्व प्रकारच्या पेशी आयुष्यभर तयार होत राहतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, प्लेटलेट रक्तस्राव थांबवतात आणि पांढऱ्या पेशी संसर्गाशी लढतात.

पांढऱ्या पेशींचे दोन गट येथे लक्षात ठेवावेत. पहिल्या गटातील न्यूट्रोफिल या पहाऱ्यावरच्या शिपायांसारख्या पेशी. त्या मज्जेत तयार होतात, लगेच कामावर जातात आणि थोड्याच काळात मरतात. त्यांना शिक्षण लागत नाही. दुसरा गट लिम्फोसाइटांचा. त्यांतील बी पेशी प्रतिपिंडे बनवण्याच्या मार्गावरच्या, तर टी पेशी संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या आणि इतरांना आदेश देणाऱ्या. टी पेशींचा जन्म मज्जेत होत असला, तरी त्यांचे शिक्षण छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत होते. परके कोण आणि आपले कोण, हे त्या तेथे शिकतात. म्हणजे मज्जा हा कारखाना आणि थायमस ही शाळा. कारखाना लवकर सुरू करता येतो, पण शाळेतून विद्यार्थी बाहेर पडायला वेळ लागतो. पुढचा सारा इतिहास या एका फरकाभोवती फिरतो.

प्रत्यारोपण म्हटले की शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. येथे तसे नसते. तीव्र औषधे किंवा किरणोत्सर्ग देऊन रुग्णाची मज्जा रिकामी केली जाते आणि मग दात्याच्या मूलपेशी रक्त चढवावे तशा शिरेतून दिल्या जातात. त्या पेशी रक्तप्रवाहातून आपोआप हाडांपर्यंत पोचून तेथे रुजतात. या दिवसाला ‘शून्य दिवस’ म्हणतात आणि पुढचे दिवस त्यापासून मोजतात.

३. अणुबॉम्बनंतरची प्रयोगशाळा

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकले गेले. स्फोटातून वाचलेली अनेक माणसे काही दिवसांनी वा आठवड्यांनी रक्तस्राव आणि संसर्ग होऊन मरण पावली. किरणोत्सर्गाने त्यांची अस्थिमज्जा निकामी झाली होती. यावर उपाय शोधणे हे पुढील दशकात अनेक देशांच्या अणुसंशोधन संस्थांचे काम झाले.

शिकागोत लिऑन जेकबसन यांनी १९४९ मध्ये दाखवले की उंदराची प्लीहा शिशाच्या आवरणाने झाकून त्याला प्राणघातक मात्रेत क्ष-किरण दिले, तरी उंदीर जगतो. १९५१ मध्ये एगॉन लॉरेंझ आणि सहकाऱ्यांनी किरण दिलेल्या प्राण्यांना मज्जेचे इंजेक्शन देऊन वाचवले. हा परिणाम एखाद्या रसायनाचा की पेशींचा, यावर काही वर्षे वाद चालला. १९५६ मध्ये इंग्लंडमधील हारवेल येथील संशोधकांनी वाचलेल्या उंदरांच्या मज्जेत दात्याची गुणसूत्रे दाखवली आणि वाद मिटला. परक्या पेशी खरोखर रुजल्या होत्या.

त्याच सुमारास एक विचित्र गोष्ट दिसली. किरणांच्या परिणामातून वाचलेले काही उंदीर पुढे वजन घटून, जुलाब आणि त्वचेचे विकार होऊन मरत. संशोधकांनी याला ‘दुय्यम आजार’ म्हटले. नव्याने रुजलेल्या दात्याच्या पेशींना यजमानाचे शरीर परके वाटत होते आणि त्या त्याच्यावर हल्ला करत होत्या. आज हा विकार ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज’ किंवा थोडक्यात जीव्हीएचडी या नावाने ओळखला जातो. मूत्रपिंड प्रत्यारोपणात रुग्णाचे शरीर परका अवयव नाकारते. येथे आलेला पाहुणाच घरमालकाला नाकारतो, कारण रुजवलेली वस्तू हीच प्रतिकारयंत्रणा असते. रुपर्ट बिलिंगहॅम यांनी १९६६ मध्ये या विकारासाठी लागणाऱ्या तीन अटी मांडल्या: रोपात सक्षम प्रतिकारपेशी असणे, यजमानात रोपात नसलेली ओळखचिन्हे असणे आणि यजमानाला ते रोप नाकारता न येणे.

४. पहिले रुग्ण, पहिली अपयशे

१९५७ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर ई. डोनाल थॉमस यांनी सहा रुग्णांना दुसऱ्यांची मज्जा दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी कोणीही १०० दिवसांपलीकडे जगले नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातील विन्चा येथील अणुभट्टीत अपघात झाला आणि किरणोत्सर्ग झालेल्या सहा जणांना पॅरिसला नेण्यात आले. जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना मज्जा दिली. एक दगावला, चौघे वाचले. पण दात्याची मज्जा त्यांच्यात कायमची रुजली नव्हती. काही काळाने त्यांची स्वतःची मज्जाच पुन्हा काम करू लागली होती.

पुढच्या दशकात जगभर प्रयत्न होत राहिले आणि बहुतेक फसले. मॉर्टिमर बोर्टिन यांनी १९७० मध्ये तोवर नोंदल्या गेलेल्या सुमारे दोनशे प्रत्यारोपणांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक रुग्ण हयात नव्हते. अनेक डॉक्टरांनी हे क्षेत्र सोडून दिले.

पहिले टिकाऊ यश मात्र एका वेगळ्याच आजारात आले. १९६८ मध्ये मिनियापोलिस येथे रॉबर्ट गुड यांनी जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या एका बालकाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली. या बाळाजवळ परक्या पेशींना नाकारण्याची ताकदच नव्हती, म्हणून त्या रुजल्या आणि त्याला प्रतिकारशक्ती मिळाली. इतरांमध्ये जी मोठी अडचण होती, तीच येथे सोय ठरली.

दरम्यान दात्याची निवड कशी करावी, हे कळू लागले होते. पॅरिसमध्ये ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या पेशींवरील एक ओळखचिन्ह वर्णिले. त्यातून पुढे एचएलए ही पद्धत उलगडली. प्रत्येक मूल या चिन्हांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून घेते. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के असते. या शोधासाठी दोसे यांना १९८० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

जुळणारी भावंडे निवडून थॉमस यांनी सिएटल येथे काम पुढे नेले. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने, इतर सर्व उपचार संपलेल्या तीव्र ल्युकेमियाच्या १०० रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतील १३ जण दीर्घकाळ आजारमुक्त राहिले होते. आज हा आकडा लहान वाटेल. पण त्या १०० जणांपुढे दुसरा कोणताही मार्ग उरला नव्हता, हे ध्यानात घेतले की त्याचे मोल कळते. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

५. रक्त सुधारले, तरी रुग्ण का दगावत?

सिएटलच्या आणि इतर केंद्रांच्या नोंदींतून एक कोडे पुढे आले. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या पेशी जवळपास नसतात, तेव्हा जिवाणू आणि बुरशीचे संसर्ग होणे अपेक्षित होते. त्यासाठी प्रतिजैविके आणि वेगळी खोली होती. मग पेशींची संख्या वाढे, ताप उतरे, घरी जाण्याच्या गोष्टी सुरू होत. आणि नेमके दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काही रुग्णांना न्यूमोनिया होई. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी पुरेशा दिसत, तरी फुप्फुसे भरत जात.

या न्यूमोनियाचे एक मोठे कारण सायटोमेगॅलोव्हायरस अर्थात सीएमव्ही हा विषाणू होता. बहुतेक माणसांना तो बालपणी वा तारुण्यात केव्हातरी होऊन जातो आणि नंतर शरीरात निपचित पडून राहतो. त्याला दाबून ठेवण्याचे काम टी पेशी करतात. न्यूट्रोफिल परतले होते, पण टी पेशी परतल्या नव्हत्या. सीएमव्हीचा न्यूमोनिया झालेल्यांपैकी बहुतेक जण त्या काळात वाचत नसत.

हीच गोष्ट इतर आजारांतही दिसली. प्रत्यारोपणानंतरच्या वर्षात अनेकांना नागीण होई. न्यूमोसिस्टिस या जंतूमुळेही फुप्फुसे सुजत. त्यावर कोट्रायमॉक्साझोल हे स्वस्त औषध प्रतिबंधक म्हणून उपयोगी पडले. सगळे ठीक चालले आहे असे वाटत असताना कित्येक महिन्यांनी न्यूमोकोकस या जिवाणूचा गंभीर संसर्ग होई, कारण त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे नसत. जीव्हीएचडी दाबण्यासाठी दिलेली औषधे टी पेशींनाही दाबत, त्यामुळे ही पोकळी आणखी लांबे.

या मृत्यूंच्या तारखा एका रेषेवर मांडल्या, तेव्हा प्रतिकारशक्ती परत येण्याचा क्रम दिसू लागला. कोणता जंतू कोणत्या महिन्यात घात करतो, यावरून कोणती पेशी अजून परतलेली नाही हे ओळखता येऊ लागले. १९९० च्या दशकाच्या आरंभी गॅन्सिक्लोव्हिर या औषधाच्या चाचण्यांनी दाखवले की रक्तातील विषाणू वेळेवर शोधून औषध सुरू केले, तर न्यूमोनिया टाळता येतो. आजार होण्याची वाट न पाहता विषाणूवर पाळत ठेवणे, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

६. मुंबई, १९८३

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण २० मार्च १९८३ रोजी मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. हे प्रत्यारोपण करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि ते चाकाच्या खुर्चीतून काम करत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून पुढे त्यांनी सिएटल येथे थॉमस यांच्या केंद्रात प्रशिक्षण घेतले होते.

येथे एक ऐतिहासिक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा न्यासाच्या देणगीतून उभे राहिले आणि १९६२ मध्ये भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेले. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे मूळ अणुबॉम्बनंतरच्या संशोधनात आहे, हे आपण पाहिले. भारतातही हा उपचार अणुऊर्जा विभागाच्याच रुग्णालयात प्रथम यशस्वी झाला. या नात्याचा एक उपयोग रोजच्या कामातही होतो. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला चढवायच्या रक्तात रक्तदात्याच्या जिवंत टी पेशी असल्या, तर त्या रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू शकतात. म्हणून ते रक्त आधी किरणांखाली धरावे लागते. ‘ब्रिट’ या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेने यासाठी कोबाल्ट-६० वापरणारे देशी यंत्र तयार केले.

१९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅमेन चंडी यांच्या नेतृत्वाखाली प्रत्यारोपणे सुरू झाली. तेथे थॅलेसेमिया झालेल्या मुलांवरील कामाला विशेष महत्त्व आले. टाटा मेमोरियलचे प्रत्यारोपण केंद्र पुढे नवी मुंबईत खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत गेले. आज देशातील अनेक शहरांत, सरकारी आणि खासगी रुग्णालयांत हे उपचार होतात. मुंबई महापालिकेनेही बोरिवली येथे मुलांसाठी असे केंद्र चालवले आहे.

दाते मिळण्याचे मार्गही बदलले. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी नाळेतील रक्ताचे पहिले प्रत्यारोपण केले. १९९० च्या दशकापासून हाडातून मज्जा काढण्याऐवजी औषध देऊन मूलपेशी रक्तात आणायच्या आणि यंत्राने गोळा करायच्या, ही पद्धत वाढली. अर्धे एचएलए जुळणारे आई, वडील किंवा भावंड यांच्या पेशी दिल्यानंतर सायक्लोफॉस्फामाइड देऊन जीव्हीएचडी आवरण्याची पद्धत एकविसाव्या शतकात रूढ झाली. लहान कुटुंबांच्या देशात, जेथे जुळणारे भावंड मिळेलच असे नाही, तेथे ती फार उपयोगाची आहे.

७. परतीचा क्रम

हा क्रम मोजण्याची साधने मिळाल्यावर चित्र स्पष्ट झाले. १९७५ मध्ये एकाच साच्याची प्रतिपिंडे बनवण्याचे तंत्र निघाले. त्यामुळे टी पेशींचे प्रकार वेगळे ओळखून मोजता येऊ लागले. १९९८ मध्ये थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी पेशींची खूण त्यांच्या डीएनएमध्ये शोधण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. म्हणजे शाळा सुरू आहे की बंद, हे रक्ताच्या नमुन्यावरून कळू लागले. या साऱ्यातून पुढील क्रम स्थिरावला.

पहिला टप्पा: दोन ते चार आठवडे. न्यूट्रोफिल परततात. सलग तीन दिवस त्यांची संख्या दर मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या वर राहिली की रोपण रुजले असे मानतात. बहुतेक कुटुंबांना हाच आनंदाचा दिवस वाटतो आणि तो आहेही. पण प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने ही केवळ सुरुवात असते.

दुसरा टप्पा: पहिले तीन महिने. नैसर्गिक मारक पेशी बऱ्यापैकी लवकर, साधारण महिन्याभरात वाढतात. टी पेशीही रक्तात दिसू लागतात. पण त्या मुख्यतः दात्याच्या मज्जेबरोबर आलेल्या प्रौढ पेशींच्या प्रती असतात. त्यांना ओळखता येणारे शत्रू मोजकेच असतात.

तिसरा टप्पा: सहा महिने ते दोन वर्षे. थायमसमधून नव्या टी पेशी बाहेर पडू लागतात. टी पेशींपैकी आदेश देणाऱ्या सीडी४ पेशी सर्वांत उशिरा सावरतात. बी पेशींची संख्या साधारण वर्षाच्या आसपास भरून येते, पण सर्व प्रकारची चांगली प्रतिपिंडे बनवायला त्यांना टी पेशींची मदत लागते, म्हणून तेथेही विलंब होतो.

थायमस वयाबरोबर आक्रसत जाते. त्यामुळे मुलांची प्रतिकारशक्ती प्रौढांपेक्षा लवकर सावरते. दीर्घकाळ जीव्हीएचडी राहिला, तर थायमसला इजा होते आणि परतीचा मार्ग आणखी लांबतो. रुग्णाच्या स्वतःच्याच मूलपेशी आधी काढून ठेवून परत दिल्या, तर जीव्हीएचडीचा प्रश्न येत नाही आणि सावरणेही तुलनेने लवकर होते. मायलोमा आणि काही लिम्फोमांत अशी पद्धत वापरतात.

याची एक दुसरी बाजूही आहे. दात्याच्या ज्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू शकतात, त्याच उरलेल्या कर्करोगाच्या पेशीही मारतात. १९७९ मध्ये सिएटलच्या गटाने दाखवले की जीव्हीएचडी झालेल्या रुग्णांत ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण कमी असते. म्हणून प्रतिकारशक्ती पूर्ण दाबून टाकणे हा उपाय नव्हे. तिचा धोका आणि उपयोग यांत तोल सांभाळावा लागतो.

८. पुन्हा लसी

आता प्रस्तावनेतील प्रश्नाकडे येऊ. दात्याकडून काही स्मृती रुग्णाकडे येते, रुग्णाच्या काही जुन्या पेशीही थोडा काळ टिकतात, पण धनुर्वात, पोलिओ, गोवर यांविरुद्धची प्रतिपिंडे पुढील महिन्यांत आणि वर्षांत घटत जातात, असे अभ्यासांत दिसून आले. दंडावर बीसीजीचा वण असला, तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या प्रौढालाही तान्ह्या बाळासारखे लसीकरण पुन्हा करावे लागते.

त्याची वेळ परतीच्या क्रमावरच ठरते. न्यूमोकोकसची लस साधारण तीन ते सहा महिन्यांनंतर सुरू करतात. धनुर्वात, घटसर्प, पोलिओची इंजेक्शनद्वारे दिली जाणारी लस अशा निर्जीव लसी साधारण सहा महिने ते वर्षभरानंतर देतात. गोवरासारख्या जिवंत लसींना किमान दोन वर्षे थांबतात आणि जीव्हीएचडी नसेल व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झाली असतील, तरच त्या देतात. बीसीजी टाळतात. घरातील इतर मंडळींनी आपल्या लसी वेळेवर घेणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

९. भारतातील ते वर्ष

पाठ्यपुस्तकातील क्रम सगळीकडे सारखा असला, तरी ज्या परिसरात तो पार पडतो तो सारखा नसतो. भारतातील बहुसंख्य प्रौढांना सीएमव्ही आधीच होऊन गेलेला असतो, म्हणून येथे त्याच्यावर पाळत ठेवणे जवळपास प्रत्येक रुग्णात आवश्यक असते. क्षयरोग आपल्याकडे मोठ्या प्रमाणात आढळतो. वेल्लोरच्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर होणाऱ्या क्षयाचे अनुभव प्रसिद्ध केले आहेत. ज्या टी पेशी हा जंतू कोंडून ठेवतात, त्याच येथे उशिरा परततात.

दुसरा प्रश्न राहण्याचा. न्यूट्रोफिल परतले की रुग्णाला रुग्णालयात ठेवण्याचे कारण संपते, पण पहिले काही महिने वारंवार तपासणीला यावे लागते. विदर्भातून, मराठवाड्यातून किंवा बिहार-बंगालमधून मुंबईत आलेल्या कुटुंबाने या काळात कोठे राहावे? दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्थांनी कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना दीर्घकाळ आसरा दिला आहे. २००६ पासून ‘सेंट ज्यूड इंडिया’ ही संस्था कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांना पालकांसह स्वच्छ निवास देते. वैद्यकाच्या इतिहासात अशा खोल्यांची नोंद क्वचितच होते. परंतु उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, गर्दीपासून थोडे अंतर आणि ताप आल्यास तासाभरात पोचता येईल असे रुग्णालय या गोष्टी प्रतिकारशक्ती परतेपर्यंत तिच्या जागी उभ्या राहतात.

आपल्याकडे बाळंतीण आणि बाळ यांना सव्वा महिना घरात जपतात, भेटणाऱ्यांना जरा दूर ठेवतात. त्यामुळे पथ्य म्हणजे काय, हे कुटुंबांना समजावून सांगावे लागत नाही. अवघड जाते ते हे पटवणे, की येथे पथ्याचा काळ सव्वा महिन्याचा नसून वर्षाहून मोठा आहे. डोक्यावर केस पुन्हा आले, चेहरा भरला, रक्ताचा अहवाल चांगला आला, की नातेवाईक लग्नाला बोलावतात, मूल शाळेत जायला निघते, घेतलेले कर्ज फेडण्यासाठी कमावता माणूस कामावर परततो. बाहेरून दिसणारे बरे होणे आणि आतले बरे होणे यांतील अंतर येथेच घातक ठरू शकते.

पैशाचा हिशेबही याच अंतरात चुकतो. मदतीसाठी अर्ज करताना प्रत्यारोपणाचा खर्च मागितला जातो. त्यानंतरच्या वर्षातील विषाणूच्या तपासण्या, प्रतिबंधक औषधे, भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब क्वचितच मांडला जातो. त्या वर्षात उपचार अर्धवट सुटले, तर रुजलेली मज्जाही रुग्णाला वाचवू शकत नाही.

१०. समारोप

या इतिहासात यशाची मोजपट्टी दोनदा बदलली. आधी प्रश्न होता: परकी मज्जा रुजते का? मग विचारले जाऊ लागले: रुग्ण १०० दिवस जगतो का? आज विचारतात: त्याची प्रतिकारशक्ती किती आणि केव्हा परतली? प्रत्येक बदलामागे, आधीच्या मोजपट्टीनुसार ‘यशस्वी’ ठरूनही न वाचलेले रुग्ण आहेत. म्हणून ‘प्रत्यारोपण यशस्वी’ अशी बातमी वाचताना ती कोणत्या दिवशी लिहिली गेली, हे विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे.

आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बाळाला नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. ती टोचून आई घरी जाते आणि त्यात कोणाला विशेष काही वाटत नाही. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला तशीच जिवंत लस सुरक्षितपणे देता येण्यासाठी किमान दोन वर्षे जावी लागतात. ज्या दिवशी ती देता येते, त्या दिवशी त्याची नवी प्रतिकारशक्ती स्वतःच्या पायावर उभी राहिली असे म्हणता येते.

स्वाध्याय

१. प्रत्यारोपणात नेहमीच्या अवयव-नकाराच्या उलट स्थिती कशी निर्माण होते, ते बिलिंगहॅम यांच्या तीन अटींच्या आधारे स्पष्ट करा.
२. पांढऱ्या पेशींची संख्या पुरेशी असूनही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात विषाणूजन्य न्यूमोनिया का होत असे?
३. १९६८ मधील बालकात रोपण टिकण्याचे कारण सांगा आणि त्याची १९५७ च्या प्रयत्नांशी तुलना करा.
४. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या प्रत्यारोपित रुग्णासाठी पहिल्या वर्षाचा निवास, पाणी, प्रवास आणि लसीकरण यांचा आराखडा तयार करा. त्यातील कोणत्या गोष्टी रुग्णालयाच्या हाताबाहेर आहेत, ते नोंदवा.